लहान मुलांच्या हृदयातली गाठ एमआरआयवर कशी ओळखावी

लहान मुलाच्या हृदयातली गाठ सहसा आधी इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर) सापडते, कधीकधी तर गर्भातच. त्यामुळे एमआरआयकडे येणारा प्रश्न ‘गाठ आहे का’ हा नसतो. ती कशाची आहे, आपोआप विरेल का, काढायची झाली तर किती निरोगी स्नायू उरेल, हे विचारलेलं असतं. मुलांमध्ये हृदयाच्या मूळ गाठी मुळात दुर्मीळ, आणि त्यातल्या साधारण ९० टक्के कर्करोगाच्या नसतात. तरी तेवढ्यावर निर्धास्त होऊन चालत नाही. डाव्या व्हेंट्रिकलच्या (हृदयाच्या खालच्या कप्प्याच्या) भिंतीतला साधा फायब्रोमा (तंतुमय ऊतीची गाठ) हृदयाची लय जीवघेण्या रीतीने बिघडवू शकतो. धडधडत्या हृदयातून तुकडा काढून तपासणं जोखमीचं असतं, म्हणून गाठीचा पोत चित्रावरूनच जितका ओळखता येईल तितका ओळखायचा.

इथला सगळा भर एका शिस्तीवर आहे: गाठीतून जाणाऱ्या दोन स्लाइस (चित्राचे छेद) सुरुवातीलाच ठरवा आणि प्रत्येक सिक्वेन्स (चित्र घेण्याची पद्धत) त्याच दोन जागी, त्याच जाडीने, शक्यतो हृदयचक्राच्या त्याच क्षणी घ्या. टी१ एका प्लेनमध्ये, टी२ (दोन्ही ऊतीनुसार वेगळा उजळपणा दाखवणारी चित्रं) दुसऱ्याच, आणि परफ्यूजनच्या (कॉन्ट्रास्टचं औषध रक्तातून ऊतीत कसं पोचतं ते दाखवणाऱ्या) तीन स्लाइस नेहमीच्या सवयीने बेस-मिड-एपेक्सला (हृदयाच्या तळाला, मध्याला, टोकाला) टाकलेल्या, ज्यातली एकही गाठीतून जात नाही, असे अभ्यास वरचेवर बघायला मिळतात. त्यातून निदान निघत नाही. निदान कुठल्याही एका चित्रात नसतं. तीच जागा टी१, टी२, फॅट-सॅट (चरबीचा सिग्नल दाबलेलं चित्र), परफ्यूजन आणि लेट एन्हान्समेंटमध्ये (औषधानंतर उशिरा घेतलेल्या चित्रात) कशी बदलत गेली, त्या क्रमात ते असतं. तुलनाही दरवेळी शेजारच्या निरोगी हृदयस्नायूशीच करायची, कारण कॉइलपासूनच्या (सिग्नल पकडणाऱ्या अँटेनापासूनच्या) अंतराने सिग्नल बदलतो आणि नुसतं ‘पांढरं’ किंवा ‘काळं’ म्हणण्याला अर्थ राहत नाही.

एमआरआय कुणाला करायचा, कुणाला नाही

नवजात बाळाच्या इकोवर भिंतीत रुतलेल्या, गोलसर, एकसारख्या उजळ अशा अनेक गाठी दिसत असतील तर तो बहुतेक रॅब्डोमायोमा (स्नायूपेशींची गाठ) असतो. असं बाळ दिसलं की ट्यूबरस स्क्लेरोसिस (अनेक अवयवांत गाठी आणणारा जनुकीय आजार) शोधायला लागायचं. अशा बाळाला रक्तप्रवाहात अडथळा नसेल आणि लयही ठीक असेल, तर केवळ खात्रीसाठी भूल देऊन एमआरआय करण्याची गरज नाही. इको आणि ईसीजीवर पाठपुरावा पुरतो, आणि या गाठी पहिल्या काही वर्षांत बहुधा आकसतात.

एमआरआय उपयोगी पडतो तो पुढच्या परिस्थितीत: एकच मोठी गाठ, व्हेंट्रिकलमधून येणारी लयदोषाची तक्रार, अपेक्षेप्रमाणे न आकसणारी किंवा वाढणारी गाठ, पेरिकार्डियममध्ये (हृदयाभोवतीच्या पिशवीत) पाणी, गाठ की रक्ताची गुठळी हा पेच, इकोची खिडकी नीट न मिळणं, आणि शस्त्रक्रियेआधीचा नकाशा. याउलट झडपेवरची काही मिलिमीटरची, फडफडणारी गोष्ट एमआरआयवर पुसट होते किंवा दिसतच नाही, कारण चित्र अनेक ठोक्यांतून गोळा होतं. तिथे इकोच वरचढ. बाळाला थांबता न थांबणारा व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया (व्हेंट्रिकलमधून येणारे अतिवेगवान ठोके) असेल तर पुरकिंजे पेशींच्या (हृदयातला विद्युत संदेश वाहणाऱ्या पेशींच्या) सूक्ष्म गाठी असू शकतात, आणि त्या कुठल्याच चित्रात सापडत नाहीत असंही होतं. अशा वेळी एमआरआय नॉर्मल आला म्हणून तो विषय बंद करू नये.

टेबलावर घेण्याआधी

आधीचा इको स्वतः बघा. नुसता रिपोर्ट वाचून भागत नाही. गाठ कुठल्या भिंतीत, कुठल्या प्लेनमध्ये सर्वांत मोठी दिसते, हलते का, हे कळलं की स्कॅनरवरची १०-१५ मिनिटं वाचतात.

शरीरातल्या उपकरणांची चौकशी नेहमीपेक्षा एक पायरी पुढे न्या. ट्यूबरस स्क्लेरोसिसच्या मुलाला अपस्मारासाठी व्हेगस नर्व्ह स्टिम्युलेटर (मानेतल्या नसेला विद्युत संदेश देणारं यंत्र) बसवलेला असू शकतो. हे यंत्र ‘एमआरआय कंडिशनल’ (ठरावीक अटींवरच सुरक्षित) असलं तरी त्या अटींमध्ये छातीचा भाग बऱ्याच मॉडेल्सना वर्ज्य असतो. म्हणजे मेंदूचा एमआरआय आधी बिनबोभाट झाला म्हणून हृदयाचाही चालेल, असं धरता येत नाही. मॉडेल क्रमांक मिळवून उत्पादकाच्या अटी वाचायच्या. फायब्रोमाच्या मुलांमध्ये हाच प्रश्न आयसीडीबाबत (लय बिघडली की झटका देणाऱ्या, शरीरात बसवलेल्या यंत्राबाबत) येतो.

ट्यूबरस स्क्लेरोसिसचा संशय असेल आणि भूल द्यावी लागणारच असेल, तर मेंदू आणि मूत्रपिंडांचा एमआरआय त्याच बैठकीत उरकावा. हृदय आधी घ्या, कारण तिथे वेळ आणि लय दोन्ही हातात राहायला हवेत.

सहा महिन्यांखालचं बाळ पुष्कळदा भुलीशिवाय होतं: साधारण तीन तास पाजायचं नाही, आयव्ही (शिरेतली नळी) आधीच लावून पक्की करायची, मग पोटभर पाजून, गुंडाळून, व्हॅक्यूम गादीत झोपवायचं. कानात प्लग आणि वर मफ, दोन्ही. आयव्ही पाजण्यानंतर लावायला घेतली की सगळं मुसळ केरात. अशा झोपेत हातात ३० ते ४५ मिनिटं धरून चाला. सात-आठ वर्षांपुढची समजूतदार मुलं श्वास रोखू शकतात, पण सराव बाहेरच करून घ्यावा. मधल्या वयाला भूल लागते.

भूलतज्ज्ञाला तीन गोष्टी आधीच सांगा: गाठ डाव्या किंवा उजव्या आउटफ्लोमध्ये (व्हेंट्रिकलमधून रक्त बाहेर पडण्याच्या वाटेत) अडथळा करते का, पेरिकार्डियममध्ये पाणी आहे का, आणि गाठ श्वासनलिकेवर दाब देते का. अडथळा असलेल्या बाळाला लांबवलेला उपास आणि कमी पडलेलं पाणी सोसत नाही. शिरांची सैलावट आणि वेगवान ठोके मिळून रक्तदाब एकदम कोसळू शकतो. डिफिब्रिलेटर चुंबकाच्या खोलीत आणता येत नाही, त्यामुळे बाळाला टेबलासकट बाहेर काढायची वाट मोकळी ठेवा आणि कोण काय उचलणार हे आधी ठरवा.

छोट्या छातीवर ईसीजीचे इलेक्ट्रोड एकमेकांना खेटतात आणि चुंबकात गेल्यावर टी लाट आर लाटेपेक्षा मोठी दिसून ट्रिगर (ठोक्याला धरून चित्र घेण्याचा इशारा) चुकतो. त्वचा नीट पुसून, कोरडी करून, इलेक्ट्रोड थोडे डाव्या कुशीकडे लावून बघा. टेबल आत घेतल्यावर ट्रेस पुन्हा तपासा, बाहेर चांगला दिसला म्हणून भरवसा ठेवू नका. बोटाची पल्स गेटिंग (नाडीवरून ठोका धरणं) पर्याय म्हणून तयार ठेवा, पण पल्स उशिरा पोचते हे ध्यानात घेऊन ट्रिगर डिले (इशाऱ्यानंतर थांबण्याचा वेळ) बदलावा लागतो. कॉइल बाळाच्या आकाराची हवी. पाच किलोच्या बाळावर प्रौढांची मोठी बॉडी कॉइल टाकली तर बराच सिग्नल वाया जातो. छोटी फ्लेक्स कॉइल नसेल तर गुडघ्याच्या कॉइलमध्ये बाळ छान बसतं. वजन बिनचूक टाका, एसएआरची (शरीरात शोषल्या जाणाऱ्या रेडिओलहरींच्या ऊर्जेची) मर्यादा त्यावरच ठरते. शिवाय खोलीतल्या गारव्याने बाळ थंड पडतं, तेव्हा तापमानावर नजर ठेवा.

आकडे बाळाच्या ठोक्यांप्रमाणे बदला

मिनिटाला १४० ठोके म्हणजे दोन आर लाटांमध्ये साधारण ४३० मिलीसेकंद. प्रौढांचा प्रोटोकॉल इथे जसाच्या तसा चालत नाही, आणि का चालत नाही ते टी२ वर लगेच दिसतं. प्रौढात ६० ठोक्यांना दर दुसऱ्या ठोक्याला घेतलेल्या टी२ चित्राचा टीआर (एका उत्तेजनापासून पुढच्यापर्यंतचा वेळ) २००० मिलीसेकंद असतो. बाळात तसंच केलं तर तो ८६० वर येतो आणि चित्र टी२ राहतच नाही, त्यात टी१ मिसळतो. दर चौथ्या ठोक्याला घ्या, म्हणजे १७०० च्या आसपास जाल. टी१ साठी मात्र प्रत्येक ठोका चालतो.

स्लाइसची जाडी तान्ह्या बाळात ४-५ मिमी, मोठ्या मुलात ६-८ मिमी. प्लेनमधलं रिझोल्यूशन बाळात १ ते १.३ मिमी. याहून बारीक गेलात तर गोंगाट वाढतो. मग अॅव्हरेज (तेच पुन्हा घेऊन सरासरी काढणं) वाढवावे लागतात आणि बाळ उठतं. मुक्त श्वासात तीन अॅव्हरेज पुरेत. सिनेमध्ये (हलत्या चित्रात) एका चक्रात किमान २० फेज (टप्पे) मिळायला हव्यात. वेगवान ठोक्यांत डायस्टोलचा (हृदय सैल पडण्याचा) निवांत काळ फार आखूड असतो, म्हणून स्थिर चित्रं सिस्टोलच्या (आकुंचनाच्या) अखेरीस घेणं बऱ्याचदा सोपं जातं. शिवाय तेव्हा भिंत जाड असते. सिनेवर कुठल्या फेजमध्ये गाठ सर्वांत स्थिर आहे ते बघा आणि तोच ट्रिगर डिले सगळीकडे वापरा.

१.५ टेस्लाचं यंत्र उपलब्ध असेल तर तेच बरं. ३ टेस्लावर सिग्नल जास्त मिळतो, पण एसएसएफपी सिनेमध्ये (सिनेच्या नेहमीच्या जलद पद्धतीत) काळे पट्टे येतात, ईसीजी आणखी बिघडतो. गाठ ओळखण्याच्या कामात तो सौदा फारसा फायद्याचा नाही.

स्कॅनचा क्रम

लोकलायझरनंतर (जागा ठरवणाऱ्या पहिल्या चित्रांनंतर) आडव्या सिनेचा एक संपूर्ण गठ्ठा घ्या, मानेच्या मुळापासून यकृताच्या मध्यापर्यंत. यात गाठींची संख्या कळते, आणि एकच समजलेली गाठ पुष्कळदा एकटी नसते. इथेच त्या दोन स्लाइस ठरवा: एक गाठीच्या सर्वांत मोठ्या व्यासातून, दुसरी तिला काटकोनात, जिच्यात गाठ आणि निरोगी स्नायू शेजारी-शेजारी येतील.

मग त्या दोन जागी ब्लॅक-ब्लड (वाहतं रक्त काळं दाखवणारा) टी१, तोच पुन्हा फॅट-सॅटसह, आणि फॅट-सॅट टी२. टी१ वर उजळ दिसणारी गोष्ट चरबी असेल, जुनं रक्त असेल किंवा प्रथिनांनी भरलेली पुळी (सिस्ट, म्हणजे द्रवाची पिशवी) असेल. फॅट-सॅटमध्ये काळी पडते ती फक्त चरबी. हे तिन्ही कॉन्ट्रास्टच्या आधीच संपवायचे. गॅडोलिनियम (कॉन्ट्रास्टचं औषध) गेल्यावर रक्ताचा टी१ आखडतो, ब्लॅक-ब्लडचं गणित चुकतं आणि पोकळीतलं रक्त अर्धवट पांढरं होऊन गाठीसारखं भासतं. पोकळीत खिळून राहिलेलं संथ रक्तही तसंच फसवतं. शंका आली की त्याच जागेचा सिने बघा. तिथे गाठ दिसत नसेल तर ते रक्त.

टी१ आणि टी२ मॅपिंग (हे गुणधर्म आकड्यांत मोजणं) जमलं तर घ्यावं, पण तान्ह्यात त्या आकड्यांवर निदान टांगू नये. वेगवान ठोक्यांत मॉली पद्धतीचे (टी१ मोजण्याच्या रूढ पद्धतीचे) टी१ आकडे घसरतात आणि पातळ भिंतीत शेजारचं रक्त मिसळतं. त्याच यंत्रावरच्या, त्याच बाळाच्या निरोगी सेप्टमशी (दोन कप्प्यांमधल्या पडद्याशी) तुलना करूनच बोला.

आता परफ्यूजन. मॅक्रोसायक्लिक गॅडोलिनियम वापरा, ०.१ मिलिमोल प्रति किलो. लेट एन्हान्समेंट चांगलं हवं असेल तर काही केंद्रं एकूण ०.२ पर्यंत जातात. इथे एक अगदी छोटी गोष्ट पूर्ण परफ्यूजन वाया घालवते. पाच किलोच्या बाळाला ०.१ मिलिमोल प्रति किलो म्हणजे एक मोलर गॅडोब्युट्रॉल असेल तर अवघं ०.५ मिली, अर्धा मोलर गॅडोटेरेट असेल तर १ मिली. इंजेक्टरपासून कॅन्युलापर्यंतच्या लांब नळीतच याहून जास्त मावतं. नळीच्या टोकाला भरलेलं औषध सलाइनच्या मागून ढकलत जाताना पसरतं, आणि हृदयात ठसठशीत लाट न येता पुसट, लांबलेला फुगवटा येतो. उपाय असा: थ्री-वे (तीन तोंडांची चावी) कॅन्युलाच्या अगदी जवळ लावा, औषध समप्रमाणात सलाइनने पातळ करून व्हॉल्यूम दुप्पट करा, आणि मागून सुमारे ५ मिली सलाइन त्याच वेगाने जाऊ द्या. २४ गेजच्या कॅन्युलातून सेकंदाला १ मिलीच्या आसपास वेग ठीक. हवेचा बुडबुडा नळीत राहता कामा नये, बाळांत फोरामेन ओव्हाले (दोन एट्रियममधलं म्हणजे वरच्या कप्प्यांमधलं छिद्र) उघडं असतं आणि बुडबुडा थेट डाव्या बाजूला जाऊ शकतो. मूत्रपिंडांचं काम आधी तपासलेलं असावं. नवजात बाळात ते अजून पक्व नसतं, म्हणून गॅडोलिनियम खरंच हवं का हा प्रश्न तिथे दोनदा विचारायचा.

वेगवान ठोक्यांत परफ्यूजनच्या दोन किंवा फार तर तीन स्लाइस बसतात. त्या आपल्या ठरलेल्या जागीच टाका.

इंजेक्शननंतर २-३ मिनिटांत, इन्व्हर्जन टाइम (टीआय, म्हणजे सिग्नल उलटवल्यापासून चित्र घेईपर्यंतचा वेळ) ५०० ते ६०० मिलीसेकंद ठेवून (१.५ टेस्लावर) गाठीची चित्रं घ्या. या लांब टीआयवर रक्तपुरवठा नसलेली गुठळी कुळकुळीत काळी राहते आणि बाकी सगळं करडं-पांढरं होतं. यानंतरची सात-आठ मिनिटं मोकळी सोडू नका: शॉर्ट-अॅक्सिस सिनेचा गठ्ठा आणि फ्लोची मोजणी याच वेळात बसवा. कॉन्ट्रास्टनंतर सिनेमधला रक्त-स्नायूचा फरक थोडा कमी होतो, पण व्हॉल्यूम मोजायला अडचण येत नाही. झोपेवर चाललेल्या बाळात ही बचतच अभ्यास पूर्ण करते.

दहाव्या मिनिटाला टीआय स्काउट (योग्य टीआय शोधणारी चित्रं), मग लेट एन्हान्समेंट. निरोगी स्नायू काळा पडेल असा टीआय निवडा. प्रौढांचा पाठ असलेला आकडा बाळाला चालत नाही, दर वेळी स्काउट घ्यायचाच. इन्व्हर्जन दर तिसऱ्या ठोक्याला, कारण स्नायूला सावरायला वेळ हवा. फेज-सेन्सिटिव्ह पद्धत असेल तर टीआय थोडा चुकला तरी निभावतं. गाठीवर पांढरेपणा दिसला तर फेज-एन्कोडिंगची दिशा बदलून एकदा पुन्हा घ्या. खरा असेल तर जागेवर राहतो, श्वासाची सावली असेल तर सरकते.

लय फारच वेडीवाकडी असेल तर रिअल-टाइम सिने आणि सिंगल-शॉट लेट एन्हान्समेंट घ्या. चित्रं ओबडधोबड येतील, पण उत्तर देतील. सुबक सिक्वेन्सच्या हट्टापायी तीनदा तेच चित्र घेत बसलं की शेवटी कॉन्ट्रास्टची वेळ निघून जाते.

गाठींची लक्षणं

रॅब्डोमायोमा म्हणजे बिघडलेल्या स्नायूपेशींचीच गाठ, म्हणून ती स्नायूसारखी वागते. टी१ वर स्नायूएवढीच किंवा किंचित उजळ, टी२ वर थोडी उजळ, परफ्यूजन स्नायूएवढं किंवा कमी, आणि लेट एन्हान्समेंट जवळपास नाहीच. सिनेवर छोटा रॅब्डोमायोमा भिंतीत विरघळून जातो. त्याला शोधायला टी२ बघावं. गाठी अनेक असतील तर निदान अधिकच पक्कं. अडथळा करणाऱ्या गाठींवर सिरोलिमस किंवा एव्हरोलिमस दिलं असेल तर आकाराची तुलना करताना औषध कधी सुरू झालं ती तारीख रिपोर्टमध्ये असू द्या.

फायब्रोमा एकटाच असतो, व्हेंट्रिकलच्या भिंतीत किंवा सेप्टममध्ये, आणि आपोआप जात नाही. यात कोलॅजन भरलेलं असतं. म्हणून टी२ वर काळपट, परफ्यूजनमध्ये काळाच, आणि लेट एन्हान्समेंटमध्ये झगझगीत पांढरा, पुष्कळदा मध्ये काळा गाभा ठेवून. त्या गाभ्यात चुना (कॅल्शियम) असू शकतो, पण चुना एमआरआयवर नीट दिसत नाही. तान्ह्या बाळाच्या फायब्रोमात कोलॅजन कमी आणि पेशी जास्त असतात, त्यामुळे टी२ वर तो काळा न दिसता स्नायूसारखा किंवा किंचित उजळही दिसतो. टी२ वरून फायब्रोमा नाकारू नका, लेट एन्हान्समेंटला विचारा. हाच फायब्रोमा सुरुवातीच्या लांब-टीआय चित्रात काळा असतो. तिथेच थांबलात तर ‘गुठळी’ असा रिपोर्ट जाईल. गुठळी दहा मिनिटांनंतरही काळीच राहते, फायब्रोमा तोवर उजळलेला असतो.

चुना बघायला सीटी सांगण्याआधी गॉर्लिन सिंड्रोमचा विचार करा. फायब्रोमाच्या थोड्या मुलांमध्ये तो असतो: मोठं डोकं, जबड्यात पुळ्या, घरात त्वचेच्या बेसल सेल कर्करोगाचा इतिहास. या मुलांच्या त्वचेला किरणोत्सार सोसत नाही, कर्करोग वाढतात. लेट एन्हान्समेंटने उत्तर दिलेलं असताना चुन्यासाठी सीटी करायचं कारण उरत नाही.

जाड सेप्टममधला फायब्रोमा आणि हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी (हृदयस्नायू जाड होण्याचा आजार) यांची गल्लत सर्रास होते. टॅगिंग (चित्रावर रेषा आखून त्या कशा वाकतात ते बघणं) घेतलं तर फायब्रोमावरच्या रेषा सरळच राहतात, स्नायूवरच्या वाकतात. फायब्रोमाची पांढरी कड रेखीव असते, कार्डिओमायोपॅथीतला पांढरेपणा ठिगळांसारखा, विखुरलेला.

हिमँजिओमात (रक्तवाहिन्यांच्या गाठीत) रक्त खेळतं: टी२ वर खूप उजळ, परफ्यूजनमध्ये लवकर आणि जोरात भरणारा, नंतरही उजळ. काही हिमँजिओमा सावकाश, कडेकडून भरतात, म्हणून परफ्यूजनची मालिका लवकर तोडू नका.

मिक्सोमा मुलांमध्ये कमी. डाव्या एट्रियममध्ये फोसा ओव्हालिसला (एट्रियममधल्या पडद्यावरच्या खळग्याला) देठाने लटकलेला, टी२ वर उजळ, आतून ठिगळाठिगळाचा. देठ सिनेवर शोधा. अनेक असतील किंवा व्हेंट्रिकलमध्ये असेल, आणि त्वचेवर गडद डाग असतील, तर कार्नी कॉम्प्लेक्स (एक आनुवंशिक आजार) म्हणून कुटुंबाची तपासणी सुचवायला हवी. लायपोमा (चरबीची गाठ) सर्वांत सोपा: टी१ वर लख्ख, फॅट-सॅटवर गायब, सिनेवर काळी कड.

टेराटोमा बहुतेक पेरिकार्डियमच्या आत, महाधमनीच्या मुळाशी चिकटलेला असतो. पुळ्या आणि घट्ट भाग मिसळलेले, आणि भोवती भरपूर पाणी. अशा बाळाची प्रकृती ढासळत असेल तर एमआरआयसाठी थांबू नये.

कर्करोगाची गाठ ऊतींच्या सीमा जुमानत नाही. एट्रियमच्या भिंतीतून एव्ही खाचेत (एट्रियम आणि व्हेंट्रिकलमधल्या खाचेत), तिथून पेरिकार्डियममध्ये. आत सडलेले काळे भाग, भोवती रक्ताळलेलं पाणी, झडपेत शिरकाव. उजव्या एट्रियममधली गाठ खालच्या महाशिरेतून वर चढलेली दिसली तर ती हृदयाची नसण्याची शक्यता मोठी. विल्म्स ट्यूमर (मूत्रपिंडाचा) आणि हेपॅटोब्लास्टोमा (यकृताचा) हाच रस्ता धरतात. तेव्हा बाळ टेबलावर असतानाच मूत्रपिंड आणि यकृतापर्यंत स्लाइस वाढवा.

गाठ नसलेल्या गाठी

उजव्या एट्रियमच्या मागच्या-बाजूच्या भिंतीतला उंचवटा पुष्कळदा क्रिस्टा टर्मिनॅलिस (निरोगी स्नायूचा कंगोरा) असतो. तो प्रत्येक सिक्वेन्सवर स्नायूसारखाच वागतो. तान्ह्या बाळाचं थायमस मोठं असतं आणि हृदयाला समोरून असं लपेटतं, की पेरिकार्डियमची गाठ वाटावी. ते एकसारखं असतं, मऊ असतं, शेजारच्या शिरांना दाबत नाही. मॉडरेटर बँड, कियारीचं जाळं, युस्टेशियन झडप या हृदयातल्या निरोगी रचनांनाही कुणी ना कुणी गाठ म्हटलेलं आहे. सेंट्रल लाइनच्या टोकाशी सापडलेली गोष्ट गुठळी नाही हे सिद्ध होईपर्यंत गुठळीच समजावी.

गाठ किमान दोन सलग स्लाइसमध्ये दिसायला हवी. एकाच स्लाइसमध्ये दिसणाऱ्या ५ मिमीच्या गाठीचा सिग्नल अर्धा तिचा, अर्धा शेजाऱ्याचा असतो. त्यावरून पोत सांगायला जाऊ नये.

रिपोर्टमध्ये काय जायला हवं

गाठींची संख्या, नेमकी भिंत, तिन्ही मापं आणि व्हॉल्यूम. सिस्टोल की डायस्टोलमध्ये मोजलं तेही लिहा, नाहीतर पुढच्या वेळी २ मिमीचा फरक ‘वाढ’ म्हणून छापला जाईल. डाव्या व्हेंट्रिकलचं वजन काढताना गाठ वगळा आणि तिचं वेगळं द्या. गाठीसकट काढलेलं वजन कुणाच्याच कामाचं नसतं. फायब्रोमा काढायचा असेल तर गाठ वगळून पोकळी किती मोठी राहील, पॅपिलरी स्नायू आणि झडपेचं कडं किती मिमीवर आहे, कोरोनरी गाठीवरून जाते की गाठीत अडकते, हे सर्जनला हवं असतं. कोरोनरीसाठी थ्रीडी एसएसएफपी आधीच घेऊन ठेवावा. आउटफ्लोमधला अडथळा किती, याचा आकडा मात्र डॉप्लरचाच घ्या, कारण फेज-कॉन्ट्रास्टवर (एमआरआयच्या फ्लो-मोजणीवर) अरुंद झोताचा कमाल वेग कमी मोजला जातो.

प्रत्येक सिक्वेन्सवर गाठ स्नायूच्या तुलनेत कशी, हे एकेका ओळीत लिहा आणि मगच निदान. लक्षणं एकाच दिशेला जात असतील तर एकच नाव द्या. नसतील तर दोन द्या आणि त्यांतला फरक कशाने पडेल तेही लिहा: तीन महिन्यांनी इको, जनुकीय तपासणी, की तुकडा. पाच शक्यतांची यादी लिहिणं म्हणजे हा प्रश्न विचारणाऱ्यालाच परत पाठवणं. दुसऱ्या स्कॅनसाठी आपल्या त्या दोन स्लाइसचे कोन आणि ट्रिगर डिले प्रोटोकॉलसोबत साठवून ठेवा. सहा महिन्यांनी तेच मूल दुसऱ्या कुणा तंत्रज्ञाच्या हाताखाली येणार असतं.